नऊ मीटर रुंद रस्ता

अकोल्यातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली बाबांच्या टेबलाची होती, माणसांची नव्हती. पाहुणा आला की त्याला आधी टेबलाला वळसा घालावा लागे, मग भिंतीला टेकवलेल्या नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळाव्या लागत, आणि मग कुठे एकुलती एक लोखंडी खुर्ची हाती लागे. छापून आणलेल्या नकाशांना अमोनियाचा उग्र दर्प असायचा. तो सगळ्या घरात भरून राही आणि आई म्हणायची, "या घरात पाटोडीच्या रश्श्यालेबी शाईचा वास येते." उन्हाळ्यात खिडकीतला कूलर सकाळी नऊलाच सुरू व्हायचा. त्याच्या घरघरीत एकमेकांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, त्यामुळे आमच्या घरात साधं बोलणंही भांडणासारखं ऐकू जाई. खरं भांडण व्हायचं तेव्हा मात्र बाबा उठून कूलर बंद करायचे. कूलर थांबला की आम्ही भावंडं आपोआप स्वयंपाकघरात सरकायचो.

बाबा सरकारी मोजणीत होते. वरच्या साहेबाशी वाजलं आणि नोकरी सोडून ते खाजगी लेआउट पाडायला लागले. शेत घ्यायचं, मोजायचं, त्याचे प्लॉट पाडायचे, मधून रस्ते काढायचे, कागद मंजुरीला पाठवायचे. शहर तेव्हा चारी बाजूंनी फुगत होतं आणि बाबांना काम कमी पडत नव्हतं. दिवाळी झाली की त्यांचा हंगाम सुरू व्हायचा तो मृगाच्या तोंडाशी संपायचा. पावसाळ्यात कोणी मोजणी करत नसे. आमच्या काळ्या मातीत पाऊस पडल्यावर पाय घोट्यापर्यंत रुततो, चपलेला दोन-दोन किलो चिखल चिकटतो, तिथे मोजणीची साखळी कोण धरणार? सरकारी मोजणीही उन्हाळ्यातच होई. म्हणजे आमच्या सगळ्या नकाशांनी जमीन पाहिली ती कोरडी, भेगा पडलेली. हे इतकं सरळ होतं की कोणाच्या कधी लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी पुढे अमरावतीला एका कचेरीत आयुष्यभर नकाशेच काढले, आणि तिथेही टेबलाशी बसून मी जमिनीचा विचार करायची तो उन्हाळ्यातल्या जमिनीचाच.

माझं अक्षर चांगलं होतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही, अक्षर सोडून माझ्यात दुसरं काही चांगलं नाही हे आई दिवसातून दोनदा सांगायची. बाबांचा हात पन्नाशीच्या आतच कापायला लागला होता, म्हणून मी अकरावीत असल्यापासून नकाशावरचा मजकूर माझ्याकडे आला. रेघा ते ओढायचे, अक्षरं मी लिहायची. ट्रेसिंगच्या कापडावर शाईचा टाक टेकवताना श्वास धरावा लागतो. चुकलं तर ब्लेडनं हळूहळू खरवडावं लागतं, आणि जास्त खरवडलं तर भोक. "हळू, शालू," असं बाबा मागून म्हणायचे आणि त्यामुळेच मी चुकायची. त्यांचा एकच कायदा होता. जे मापलं ते काढायचं, कोणी काही सांगितलं म्हणून काढायचं नाही. शेतमालक येऊन कितीही सांगो, की इथं माझ्या आजाची समाधी आहे नाहीतर इथून शेजाऱ्याचं वहिवाटीचं येणंजाणं आहे, बाबा म्हणायचे, "दाखवा. मापतो. नाई दाखवता येत तर कागदावर येत नाई."

साखळीचं दुसरं टोक गफूरचाचांच्या हातात असे. बाबांच्या सरकारी नोकरीपासूनचा हा त्यांचा जोडीदार. उंच, किडकिडीत, डोक्याला ओला रुमाल, आणि बाबांच्या अगदी उलट, अखंड बोलणारा. त्यांची नसरीन माझ्या वर्गात होती. तिच्या मामूंचं शेत शहराबाहेर होतं आणि आम्ही दोघी श्रावण-भादव्यात मुगाच्या शेंगा खायला तिथे जायचो. वाटेत उमराचा नाला लागे. काठावर एक जुनं उंबर होतं, म्हणून उमराचा. त्या दिवसांत त्याला गुडघ्याच्या वर पाणी असे, कधी कमरेएवढं, आणि मग आम्ही काठावर बसून राहायचो. मामूंची बैलगाडीही पलीकडे थांबलेली असे. ते तिकडून ओरडायचे, "पोट्ट्यांनो, उतरू नका, वाहून जासान!" आम्ही शेंगांची वाट पाहत तास-तास बसायचो. तोच नाला होळीनंतर असा वाळायचा, की तळाची माती चाकांनी दबून सिमेंटसारखी होई. सगळ्या गाड्या मग त्याच्या पोटातूनच जायच्या. वरची जमीन नांगरलेली, ढेकळांची, मग तिथून कोण जाईल? आमच्याकडे अशा कितीतरी वाटा होत्या, चार महिने पाण्याच्या आणि आठ महिने गाड्यांच्या.

त्या मामूंच्या शेजारचंच शेत एका मालकानं लेआउटसाठी काढलं आणि काम बाबांकडे आलं. मोजणी वैशाखात झाली. शेवटच्या दिवशी मालकानं शेतातच रोडग्यांचं जेवण ठेवलं होतं, म्हणून आम्ही सगळे गेलो होतो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. पंगत बसली होती ती नाल्याच्या पोटातच, उंबराच्या सावलीत, कारण तेवढीच जागा सपाट होती. माझ्या ताटाजवळून गाडीच्या चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या गेलेल्या मला अजून दिसतात. गफूरचाचा रोडगा कुस्करता कुस्करता म्हणाले, "भाऊसाहेब, इथून पानी वाह्यते बरं. लिहून ठेवजा."

बाबांनी तोंडातला घास संपवला. "सरकारी नकाशात काय हाये?"

"त्यात गाडरस्ता हाये. पन तो नकाशाबी तुमच्यावानीच कोनीतरी उन्हाळ्यात काढला असंन ना!"

सगळे हसले. बाबाही हसले, ते फार क्वचित हसायचे. मग म्हणाले, "मी आज मापला, गाडरस्ता हाये. जुन्या कागदात गाडरस्ता हाये. मंग मी नाला कोठून आनू, गफूर?" आणि त्यांनी भाजी मागितली.

नकाशा शाईत उतरवायची वेळ आली तेव्हा मी त्या जागेशी अडखळले. दोन समांतर रेघा, दोन्ही बाजूंना प्लॉट, मधे मजकूर लिहायचा होता. मी म्हणाले, "बाबा, इथं पावसाळ्यात पानी असते. मी पाहेलं हाये. मी अन् नसरीन." बाबा उठले आणि कूलर बंद केला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण ते शांतपणे म्हणाले, "तू पाहेलं, शालू. मापलं नाई." एवढंच. खरं सांगायचं तर त्यावर उत्तर शोधायचा मी फारसा प्रयत्नही केला नाही. मला त्या मजकुराची जागा फार आवडली होती, लांब, मोकळी, अक्षरं ऐसपैस बसतील अशी. मी श्वास धरला आणि लिहिलं, "नऊ मीटर रुंद रस्ता". एकही चूक झाली नाही. बाबांनी भिंग लावून पाहिलं आणि मान डोलावली, आणि मी दिवसभर खुशीत होते.

आता पाच जूनला, पर्यावरण दिनाला, मला हार घालून बसवतात. अमरावतीत माझ्या फ्लॅटच्या आसपासची तरुण मुलं आहेत, चांगली आहेत, रविवारी उठून तलावाच्या काठचं प्लास्टिक वेचतात. त्यांना कुठून तरी कळलं की या बाई नकाशाच्या खात्यात होत्या, म्हणून शहर आणि निसर्ग यावर मी चार शब्द बोलावे असं त्यांना वाटतं. मी बोलते. दरवर्षी तेच बोलते. नोकरीत असताना नकाशातली मोकळी जागा हिरव्या पेन्सिलीनं रंगवायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी ते इतकं एकसारखं करायची की बाकीचे टेबलाशी येऊन बघायचे. त्या हिरव्या जागांवर आज काय आहे ते मी पाहायला जात नाही. सुरुवातीला जायची. सभागृह, दुकानं, पाण्याची टाकी, कुठे एक गंजलेला झोपाळा. आता पाय दुखतात हे कारण मला पुरतं. मुलं टाळ्या वाजवतात, कागदी कपातून चहा देतात आणि विचारतात, "मॅडम, आपण काय करू शकतो?" मी म्हणते, पावसाळ्यात फिरा. त्यांना वाटतं मी गंमत करते.

असो. लेआउट मंजूर झाला आणि कामाच्या बदल्यात मालकानं बाबांना एक प्लॉट दिला, त्या नऊ मीटर रस्त्यालाच लागून. आईच्या आनंदाला पारावार राहिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वयंपाकघराला खिडकी मिळणार होती. गफूरचाचांनीही बाबांच्या शब्दावर समोरचा प्लॉट घेतला, उताराकडचा, म्हणून थोडा स्वस्तातला. नसरीनचा निकाह अजून व्हायचा होता. तिची अम्मी, जिला मी खाला म्हणायची, रोज डबा घेऊन बांधकामावर यायची आणि गवंड्याला सूचना देऊन देऊन बेजार करायची. उंबर तोडलं गेलं, त्याच्या फळ्या कोणीतरी नेल्या. नाल्याचं पोट मुरमानं भरून सपाट केलं, वर गिट्टी, वर डांबर. आणि मला खोली मिळाली. माझी स्वतःची, आठ बाय नऊ, पूर्वेकडे खिडकी, दाराला आतून कडी. जुन्या घरी मी बाबांच्या टेबलाखाली गादी टाकून झोपायची. नव्या घरी पहिले आठ दिवस मी उगाचच कडी लावायची आणि काढायची. माणूस एका खोलीवर इतकं प्रेम करू शकतो हे आता मलाच खरं वाटत नाही.

दोन पावसाळे काही झालं नाही. ते पावसाळेच म्हणायचे नाहीत, नुसतं आभाळ यायचं आणि जायचं. तिसऱ्या वर्षी भादव्यातल्या एका दुपारी, आमच्याकडे चांगलं ऊन पडलेलं होतं, आई गच्चीवर उडीद वाळवत होती. पाऊस वर कुठेतरी झाला होता. आईनंच आधी पाहिलं. तिनं हाक मारली ती मला अजून ऐकू येते, भीतीची नव्हती, नवलाची होती. "शालू, रस्त्यानं पानी येऊन राहिलं!" आणि खरंच, पाणी रस्त्यानंच येत होतं, शिस्तीत, वळणावर वळत, जणू त्याला वाट माहीत होती. पंधरा मिनिटांत ते आमच्या तिसऱ्या पायरीला लागलं. आमचं जोतं उंच होतं, बाबांनी मापून उंच घेतलं होतं. समोरचं नव्हतं. गफूरचाचा बाबांबरोबर बाहेरगावी कामाला गेले होते आणि घरात नसरीन आणि खाला दोघीच होत्या. नसरीन खिडकीच्या गजाला धरून उभी होती आणि मला ओरडून काहीतरी सांगत होती, पाण्याच्या आवाजात कळत नव्हतं. मग त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत आत बसली. मोठा आवाजही झाला नाही. खाला चुलीपाशी होती.

ती वाचली. गल्लीतल्या माणसांनी दोर बांधून तिला बाहेर काढलं. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि तो पुढे कधीच सरळ झाला नाही. पाणी उतरल्यावर रस्त्यावर हातभर गाळ उरला. काळा, मऊ, सुपीक गाळ, शेतात पडला असता तर कोणीही हरखलं असतं.

बाबा परत आले ते आधी घरात आलेच नाहीत. समोर गेले, पडलेल्या भिंतीपाशी उभे राहिले, मग रस्त्यावर गाळात बराच वेळ चालत राहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मूळ ट्रेसिंग टेबलावर पसरलं आणि ब्लेड घेतलं. त्यांचा हात इतका कापत होता की मी ब्लेड काढून घेतलं आणि माझीच अक्षरं मी खरवडली, एकेक. कापडाला भोक पडलं नाही. "लिही," बाबा म्हणाले. "नाला." मी लिहिलं. तीन दिवसांनी चौकशीला साहेब येणार होता. नाला आहे असं कागदावर आलं की रस्ता उखडून पाण्याला वाट करून द्यावी लागेल, आणि दोन्ही काठची घरं जातील, हे बाबांनी आईला जेवताना सांगितलं. आमचंही. आई पोळी लाटत होती ती लाटतच राहिली. पोळी इतकी मोठी झाली की तव्यावर मावली नाही.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी गफूरचाचा आले. लोखंडी खुर्चीवर न बसता उंबऱ्यातच टेकले.

"भाऊसाहेब, म्या आयकलं, तुमी नाला सांगनार हा."

"नालाच हाये तो, गफूर. तू तवाच सांगतलं होतं मले."

"सांगतलं होतं. तवा तुमी आयकलं नाई. आता माहं आयका. रस्ताच सांगा." त्यांनी समोरच्या आपल्या घराकडे हात केला. "तिचा पाय तुटला, अन् आता घरबी तुटलं तं मी तिले कोठी नेऊ? कोन देनार हाये मले दुसरं घर? भिंत बांधून घेईन मी. चार हात उंच बांधीन."

"पानी पुन्ना येईन."

"येऊ द्या. बाकी आठ महिने तं सुखाचे जातीन ना?"

गफूरचाचा गेल्यावर बाबा कितीतरी वेळ त्याच उंबऱ्याकडे पाहत बसले. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा कागद आणि जमीन यांच्यात त्यांना जमिनीची बाजू घ्यायची होती, आणि जमिनीवर राहणारा माणूसच हात जोडून नको म्हणत होता. मला त्या दिवशी त्यांचा फार कळवळा आला, आणि थोडा रागही. मी अकरावीत असताना सांगितलं होतं, हे मी मनात शंभरदा म्हणाले.

साहेब सकाळी आला. नागपूरकडचा नव्हता, बोलण्यावरून घाटावरचा वाटत होता, तरुण आणि सभ्य. समोरच्या घराच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. खाला पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये, पलंग मुद्दाम बाहेर आणलेला. सगळी गल्ली जमली होती. बाबा काखेत नाला लिहिलेल्या नकाशाची गुंडाळी धरून उभे होते.

"काका, मोजणी तुम्ही केली होती. इथे काय होतं?"

"मी मोजलं तवा गाडरस्ता होता."

"आणि पावसाळ्यात?"

बाबांनी गुंडाळीवरची पकड बदलली. गल्लीतले सगळे त्यांच्याकडे पाहत होते. "पावसाळ्यात मी कधी मोजलं नाई," ते म्हणाले. दोन्ही उत्तरं खरी होती. तिसरं त्यांना देता येत नव्हतं, आणि गुंडाळी पुढे करवत नव्हती.

साहेब हुशार होता. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि बाबांच्या मागे उभ्या असलेल्या मला विचारलं, "ताई, तुम्ही इकडच्याच ना? लहानपणी या भागात आला असाल. पावसाळ्यात इथे काय असायचं?"

नसरीन पलंगाच्या उशाशी उभी होती. आम्ही दोघी पाण्याच्या काठावर बसायचो हे जमलेल्यांत बाबांशिवाय फक्त तिला ठाऊक होतं. ती माझ्याकडे पाहत होती, ओठ मिटून, हो किंवा नाही असं काहीही न सुचवता. खालानं मात्र पलंगावरून अगदी थोडी मान हलवली. नको.

"रस्ताच असते, साहेब," मी म्हणाले.

त्यानं लिहून घेतलं आणि मला सही करायला सांगितलं. मी केली, माझ्या चांगल्या अक्षरात. खालानं मला जवळ बोलावून माझ्या तोंडावरून हात फिरवला. ती पुढे बरीच वर्षं जगली, आणि जाईपर्यंत सांगत राहिली की शालूनं माझं घर वाचवलं. नसरीन आजही त्याच घरात आहे. वरून डांबर आणि सिमेंटचे थर चढत चढत रस्ता आता तिच्या उंबऱ्याच्या वर गेला आहे, घरात जायला दोन पायऱ्या उतरावं लागतं, आणि दर पावसाळ्यात तिचा फोन येतो, तक्रारीचा नाही, नुसता, पाणी कुठवर आलं ते सांगायला. मीही इतकी वर्षं लोकांना हेच सांगत आले, की मी खालाच्या पायाकडे पाहून खोटं बोलले. ते ऐकून लोकांना बरं वाटतं. पण साहेबानं विचारलं आणि मी तोंड उघडलं, त्यामधल्या क्षणात मी खालाकडे पाहिलं नव्हतं. तिची मान हललेली मला दिसली ती नंतर, शब्द तोंडातून गेल्यावर. त्या आधी मी रस्त्यापलीकडे पाहत होते, माझ्या खोलीच्या पूर्वेकडच्या खिडकीकडे.